दुसऱ्या टोकाचा माणूस

३ जून २०२०. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि वाड्यांमधल्या सुपाऱ्या, नारळ, आंबे, फणस आडवे करून गेलं. रस्ते झाडांनी बुजले. मग एनडीआरएफचे जवान आले आणि त्यांच्या हातात एक मशीन होतं. दोरी ओढली की भुंग्यासारखं गुरगुरणारं आणि ट्रिगर दाबला की किंचाळणारं. चेन सॉ. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण तो आवाज नक्की ऐकला असेल. नसेल तर गल्लीत गुलमोहर पडल्यावर महापालिकेची गाडी आली तेव्हा तरी ऐकला असेलच.

आज ज्या माणसाबद्दल वाचणार आहात, त्याचं आडनाव त्यातल्या बऱ्याच मशीन्सवर नारिंगी-पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. आपल्याकडचे मेकॅनिक ते ‘स्टील’ असं उच्चारतात, जर्मन लोक ‘श्टील’ म्हणतात. आंद्रेआस श्टील. पण त्याच्याकडे जाण्याआधी एक रील आठवा. असे व्हिडिओ तुमच्या फोनवर आले असणारच. एक अगडबंब ओंडका जमिनीवर आडवा पडलाय, इतका रुंद की दोन माणसं शेजारी झोपावीत. त्याच्या एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोघांच्या हातात एकेक चेन सॉ. दोन्ही मशीन्सच्या मधे मात्र पातं एकच, ओंडक्याच्या आरपार गेलेलं. दोघं पायरीपायरीने पुढे सरकतात आणि मागे एक सलग फळी सुटत जाते.

एका पात्याला दोन इंजिनं. असं का करावं लागतं आणि ती दोन इंजिनं आपसात भांडत कशी नाहीत, हे समजून घ्यायला श्टीलची गोष्ट फार उपयोगी पडते. कारण या माणसाने अर्धं आयुष्य नेमक्या उलट कामात घालवलं. पात्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची गरजच उरू नये, एवढ्यासाठी.

आंद्रेआसचा जन्म १० नोव्हेंबर १८९६चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचा. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. युद्ध संपल्यावर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला. हे वाचायला एका ओळीचं वाटतं, पण तो काळ डोळ्यांसमोर आणा. जर्मनी युद्ध हरलेली, महागाई इतकी की सकाळच्या पगारात संध्याकाळी पाव येईना. अशा दिवसांत तरुण इंजिनिअरला नोकरी कोण देणार? १९२६ साली, तिशीला टेकलेला असताना, त्याने श्टुटगार्टमध्ये स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीला बॉयलरला लागणारी उपकरणं, कपडे धुण्याची मशीन्स, जे खपेल ते. स्टार्टअप म्हटलं की एकच झपाटलेली कल्पना असते असं आपल्याला उगाच वाटतं. बहुतेकांचं सुरुवातीचं दुकान किराणा मालासारखंच असतं.

पण कल्पना होती. तेव्हा लाकूड म्हणजे घाम होता. झाड कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने पाडायचं, मग घोडे किंवा बैल लावून ते अख्खं धूड ओढत वखारीपर्यंत न्यायचं. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. ओंडका तिकाटण्यावर चढवून एक जण वर उभा, एक जण खाली, आणि मधे माणसाएवढी करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. त्या दोघांची लय जमली तरच फळी सरळ. श्टीलने प्रश्न उलटा करून पाहिला. झाड करवतीकडे नेण्याऐवजी करवतच झाडाकडे नेली तर?

१९२६ सालीच त्याने विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. सायकलची चेन असते ना, तशी चेन, पण दाते बाहेरच्या बाजूला आणि ती एका लांबट पट्टीच्या कडेने धावणारी. त्या पट्टीला बार म्हणतात. मशीन चालायचं, पण दोन अडचणी होत्या. एक तर जंगलात वीज कुठून आणणार? आणि दुसरी म्हणजे वजन. एका माणसाला ते उचलतच नसे. एकाने मोटरकडची बाजू धरायची, दुसऱ्याने बारच्या टोकाला बसवलेली मूठ.

पेट्रोलवर चालणारी करवत १९२९ साली आली. तिला तो झाडं पाडण्याचं यंत्रच म्हणायचा. सहा हॉर्सपॉवर, ४६ किलो. एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण गुगलवर तुम्हाला चेन सॉचे पाच-सहा जनक सापडतील. पेट्रोलची चेन सॉ बाजारात आणणारा श्टील पहिला नव्हता. एमिल लेर्प नावाच्या दुसऱ्या जर्मन माणसाने १९२७ सालीच थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर आपली करवत चालवून दाखवली होती आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं होतं. त्याहीआधी, १८३०च्या सुमारास, बर्नहार्ड हाइन या जर्मन डॉक्टरने साखळीची एक छोटी करवत केली होती. ती होती हाडं कापण्यासाठी! मूठ हाताने फिरवायची. मग श्टीलचं वेगळेपण काय? पहिलेपणा नाही. एकच मशीन घेऊन तीस वर्षं त्याच्यामागे लागणं, हे त्याचं वेगळेपण.

त्या तीस वर्षांत तो काय करत होता, तर ग्रॅम मोजत होता. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याचा माल सोव्हिएत रशिया आणि अमेरिकेपर्यंत जायला लागला होता. पण प्रत्येक मशीनला दोन माणसं लागत. ४६ किलोचं धूड उताराच्या जंगलात, बर्फात, चिखलात दोघांनी वाहायचं. झाड कलायला लागलं की दोघांनी पळायचं, आणि पळताना मशीन? ते एकट्याला घेऊन पळता येत नाही. दुसऱ्या टोकाचा माणूस तर झाडाच्या पलीकडे. त्याला पहिल्याचा आवाज ऐकू येत नाही, कारण मधे इंजिन कोकलतंय.

आता गोष्टीचा जो भाग येतो, तो सहसा कंपन्यांच्या चकचकीत पुस्तिकांत दोन ओळींत उरकलेला असतो. इथे तो उरकायचा नाही. हिटलरच्या राजवटीत आंद्रेआस श्टील नाझी पक्षाचा सदस्य होता, आणि एसएसचाही. एसएस म्हणजे काय हे तुम्हाला शाळेच्या इतिहासातून माहीत आहे. छळछावण्या ज्या संघटनेने चालवल्या, ती. युद्धात श्टुटगार्टवर बॉम्ब पडले, कॅनस्टॅट भागातला त्याचा कारखाना त्यात गेला, आणि कंपनी जवळच्या वायब्लिंगेनला आली. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी त्याला अटक करून स्थानबद्ध केलं. तो सुटला १९४८ साली. तेव्हा वय एक्कावन्न.

थोर शोधकांची चरित्रं वाचताना आपल्याला सवय असते माणूस आणि मशीन एकाच रंगात रंगवायची. मला हा माणूस लिहायला घेतल्यावर तसं करता आलं नाही. पुढे जे सांगणार आहे ते इंजिनिअरिंग म्हणून अफलातून आहे, आणि ते याच माणसाने केलं, याच वर्षांनंतर. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

१९५० साली त्याच्या कारखान्यातून एकाच माणसाने चालवायची पेट्रोल करवत बाहेर पडली. वजन १६ किलो. आणि १९५९ साली आली ती कॉन्ट्रा. हे नाव लक्षात ठेवा. तोवरच्या बऱ्याच करवतींत इंजिन आणि साखळी यांच्यामधे गिअर असायचे. कॉन्ट्रामध्ये गिअरच नाही, इंजिनाच्या दांड्यावरच साखळीचं चक्र. गिअर गेले म्हणजे वजन गेलं, तेल गेलं, बिघडण्याच्या जागा गेल्या. कॉन्ट्राची ताकद होती सहा हॉर्सपॉवर, वजन १२ किलो. जरा १९२९चे आकडे आठवा. तेव्हाही सहाच हॉर्सपॉवर, पण ४६ किलो. तीस वर्षांत ताकद तीच राहिली आणि वजन चौथ्या हिश्श्यावर आलं. दुसऱ्या टोकाची मूठ गळून पडली. त्या मुठीमागचा माणूसही.

त्याचं काय झालं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर बरोबरच आहे. काही जणांना स्वतःचं मशीन मिळालं, काहींचं काम गेलं. आणि ज्याच्या हातात मशीन उरलं, त्याच्या हाताचं काय, हेही पाहावं लागलं. दिवसभर थरथरणारी मूठ धरून लाकूडतोड्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत, थंडीत तर काही जाणवेनासंच होई. १९६४ साली कंपनीने इंजिन आणि मूठ यांच्यामधे रबराचे ठोकळे घालून थरथर मुठीपर्यंत पोचू न देणारी रचना आणली. १९७२ साली साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक आला. बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, त्यासाठी. १४ जानेवारी १९७३ रोजी श्टील वारला, शहात्तराव्या वर्षी. कंपनी मुलांनी सांभाळली, आजही ती कुटुंबाचीच आहे. भारतातलं तिचं काम पुण्याजवळून चालतं.

आता परत त्या रीलकडे.

झाड आडवं कापणं आणि ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडणं, ही दोन कामं दिसायला सारखी आहेत पण इंजिनाला विचाराल तर अगदी वेगळी. फूटभर जाडीची फांदी आडवी कापताना एका वेळी सातआठ दात लाकडात असतात आणि काही सेकंदांत काम संपतं. चार फूट रुंद ओंडका उभा चिरताना साध्या साखळीचे तीसेक दात एकदम लाकडात रुतलेले असतात. आणि हे सेकंदांचं काम नाही. ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इंजिन पूर्ण ताकदीने, न थांबता, मिनिटंच्या मिनिटं. भुसा बाहेर पडायला वाट चार फूट लांबची. घर्षण, उष्णता, तेल शेवटपर्यंत पोचत नाही ती वेगळीच कटकट. मोठ्यातली मोठी चेन सॉ घ्या, श्टीलचीच एमएस ८८० : १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट. म्हणजे आपल्या ११० सीसी स्कूटरपेक्षा थोडी जास्त. आता ती स्कूटर पूर्ण रेस देऊन, पाच मिनिटं, घाटात, ट्रिपल सीट चढवा. काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. (करू नका.)

उपाय दोनच. एक, साखळीतले काही दात गाळायचे, म्हणजे ओझं कमी, पण वेगही कमी. दुसरा, आणखी एक इंजिन.

एरवी बारचं एक टोक इंजिनाला जोडलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला गोल नाक असतं, साखळी तिथून नुसती वळते. दोन इंजिनांसाठी मिळणाऱ्या बारला नाकच नसतं. दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे मशीन बसवायची खाच. साखळी एकच, दोन्ही चक्रांवरून फिरणारी.

आणि इथे पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण अडतो. दोन मशीन्स समोरासमोर तोंड करून आहेत. दोघंही साखळी आपापल्याकडे ओढणार. मग रस्सीखेच नाही का होणार? नाही. जातं आठवा. दोन बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळतात. एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला. तरी जातं एकाच दिशेने फिरतं. कारण जातं आडवं आहे. फळ्या पाडताना बारही आडवा असतो, दोन्ही मशीन्स एकाच कुशीवर झोपवलेली. त्यामुळे दोन्ही चक्रं आपोआप एकाच दिशेने फिरतात. बार उभा धरून दोन मशीन्स समोरासमोर लावली असती तर मात्र खरंच भांडण झालं असतं, एकाला उलटं टांगावं लागलं असतं.

मग कामाची वाटणी अशी होते : साखळीची लाकडात रुतलेली बाजू ज्या इंजिनाकडे धावते, ते इंजिन दात लाकडातून ओढून काढतं. समोरचं इंजिन रिकामी बाजू स्वतःकडे खेचून घेतं आणि पुन्हा लाकडात भरवतं. साखळी एकच असल्यामुळे दोघांचा वेग सारखा ठेवायला वेगळं काही लागत नाही. साखळीच दोघांना बांधून ठेवते. ताकदीची बेरीज होते.

मशीन कुशीवर झोपवता येणं ही गोष्टही फुकट मिळालेली नाही. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असे, स्कूटरसारखा. मशीन आडवं केलं की पेट्रोलची पातळी बिघडायची आणि इंजिन बंद. म्हणून जुन्या करवतींत इंजिन सरळ ठेवून नुसता बार, नाहीतर कार्ब्युरेटर वळवायची सोय करावी लागे. फ्लोटऐवजी पातळ पडदा असलेला कार्ब्युरेटर पन्नाशीच्या दशकात रुळला आणि मग करवत उलटी, आडवी, कशीही चालू लागली.

साखळीच्या दाताची गोष्टही अशीच मजेशीर आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एकदा लाकूड पोखरणारी अळी निरखत बसला होता. ती डावी-उजवीकडे असं दोन्ही बाजूंनी लाकूड कुरतडत पुढे जात होती. १९४७ साली त्याने तसाच डावा-उजवा वळलेला दात साखळीला दिला. आज जगात बहुतेक सगळ्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. फक्त फळ्या पाडायच्या साखळीचा दात वेगळा घासतात. आडव्या कापासाठी धार साधारण तीस अंशात तिरकी असते, उभ्या चिरण्यासाठी ती दहा अंशांच्या आसपास आणतात. मग पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि भुसा पिठासारखा.

बार सरळ कसा राहतो? त्याच्यावर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट असते. ती ओंडक्याच्या वरच्या सपाट भागावरून सरकते आणि बार तिच्याखाली ठरावीक अंतरावर लटकतो. जेवढं अंतर, तेवढी फळीची जाडी. पण पहिल्या कापाच्या वेळी ओंडका तर गोल असतो, सपाट भाग आणायचा कुठून? साधी ॲल्युमिनियमची शिडी वर स्क्रूने ठोकतात आणि चौकट तिच्यावरून नेतात. इतकंच. यात तोटाही आहे. साखळी दर कापाला साधारण एक सेंटिमीटर लाकडाचा भुसा करते. वखारीतली बँड सॉ त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम भागवते. पण बँड सॉ झाडाकडे येत नाही, आणि चार फुटी ओंडका उतारावरून वखारीपर्यंत न्यायचा खर्च भुशापेक्षा मोठा. करवत झाडाकडे न्यायची, ही १९२६ची जुनीच कल्पना.

आणि आपल्याकडे झाडाकडे करवत नेण्याआधी परवानगी न्यावी लागते, हेही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४चा कायदा आहे, शहरांसाठी १९७५चा वेगळा. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी नियम आहेत. वादळाने पाडलेल्या झाडाबद्दलही आधी विचारून घ्या.

म्हणजे गंमत बघा. श्टीलने तीस वर्षं खपून ज्याला घरी पाठवलं, तो दुसऱ्या टोकाचा माणूस परत आलाय. पण या वेळी नुसती मूठ धरायला नाही. स्वतःचं इंजिन घेऊन, आणि बरोबरीच्या जबाबदारीनेही. कारण या कामात होणारी सगळ्यात सामान्य चूक दोघांपैकी एकाच्या अंगठ्याएवढी असते : एकाने साखळीचा ब्रेक सोडलाय, दुसऱ्याचा लागलेलाच आहे, आणि पहिल्याने पूर्ण रेस दिली. साखळी हलत नाही, पहिल्याचा क्लच जागीच घासत राहतो, धूर येतो, क्लच जातो. नुसतं एक इंजिन आयडलला राहिलं तर एवढं बिघडत नाही, त्याचं चक्र मोकळं फिरतं आणि सगळं ओझं दुसऱ्यावर पडतं. पण बोलून काही कळवायची सोय नाही. कानांवर जाड मफ, डोळ्यांवर जाळी, आणि दोन इंजिनं गर्जतायत. म्हणून सुरू करण्याआधीच खुणा ठरवतात. मान वर म्हणजे रेस द्या, मान हलवली म्हणजे सोडा. दोघांपैकी कुणीही थांबायची खूण केली की दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं.

मग दोघं चालू लागतात. हातभर कापून झालं की तिसरा कुणीतरी मागच्या चिरेत लाकडी पाचर ठोकतो, नाहीतर वरची फळी खाली बसून बार आवळते. पुन्हा पुढे. शेवटची वीतभर राहिली की दोघांनीही जोर कमी करायचा असतो. लाकूड संपतं तेव्हा बार एकदम मोकळा होतो, आणि एक जण ढकलत राहिला तर चौकट वाकडी होऊन दुसऱ्याच्या पायावर येते. टोक सुटतं. दोघं एकदम ट्रिगर सोडतात, ब्रेक लावतात, इंजिनं थंड व्हायला मिनिटभर तशीच हळू चालू ठेवतात आणि मग बंद करतात.

एवढ्या आवाजानंतर शांतता कानाला टोचते. समोर फळी असते : चार फूट रुंद, आठ फूट लांब, अडीच इंच जाड, ओली. वजन दीडशे किलोच्या पुढे. कापायला दोघं पुरले, उचलायला चार जण लागतात, आणि तेही कुरकुरतात.